ठेव आणि डाव

एखादा मनुष्य स्वतः फसला, आणि आपण फसलो आहोत हे ठाऊक नसतानाच त्याने आपल्या भावास, मेहुण्यास, कचेरीतील सहकाऱ्यास त्याच वाटेने नेले. पुढे सर्वांचेच द्रव्य बुडाले. तर त्या इतरांच्या हानीचा दोष त्याच्याकडे येतो की नाही? त्याची बुद्धी वाईट नव्हती. त्याचेही गेलेच. लोकव्यवहार बहुधा त्याला पीडितांच्याच पंक्तीत बसवील. परंतु रात्री दिवा मालवल्यावर त्याचे स्वतःचे मन त्याला कोणत्या पंक्तीत बसवते, हा प्रश्न निराळा आहे, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ गृहस्थांपुढे तो गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

निमित्त झाले ते आभासी चलनाचे. बिटकॉइन हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. तथापि ती वस्तू काय आहे याची कल्पना फारच थोड्यांना असते, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बिटकॉइन हे हातात धरता येणारे नाणे नव्हे. जगभर पसरलेल्या असंख्य संगणकांनी मिळून राखलेली ती एक सामाईक खातेवही आहे, आणि त्या वहीतील नोंद हेच ते नाणे. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाखाली कोणी तिची योजना प्रसिद्ध केली व २००९ मध्ये ती चालू झाली. वही राखण्याचे गणिती काम जे संगणक करतात त्यांना मोबदला म्हणून नवी नाणी मिळतात. यालाच लोक ‘मायनिंग’ म्हणतात. ही नाणी एकंदर २ कोटी १० लाखांहून अधिक कधी निघावयाची नाहीत असा नियम योजनेतच घातलेला आहे. त्यामागे कोणत्याही सरकारचे वचन नाही, कोणते शेत नाही, कारखाना नाही. पुढचा घेणारा जी किंमत देईल ती तिची किंमत. डिसेंबर २०१७ मध्ये एका नाण्याला सुमारे २० हजार डॉलर मिळत होते, आणि एका वर्षाने तेच नाणे सव्वातीन हजारांच्या आसपास आले होते. पुढे २०२४ च्या डिसेंबरात त्याने एक लाख डॉलरचा आकडाही ओलांडला. अशा वस्तूचा मोह कोणाला पडला तर त्यात नवल नाही.

त्या मोहाच्या आधारावर दिल्लीच्या अमित भारद्वाज याने २०१५ च्या सुमारास ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना उभारली. लोकांनी आपली बिटकॉइन त्याच्याकडे द्यावीत. तो मायनिंगच्या यंत्रांत ती गुंतवील आणि दरमहा दहा टक्क्यांप्रमाणे अठरा महिने परतावा देईल, असे वचन होते. म्हणजे एक नाणे दिले की दीड वर्षात एक पूर्णांक आठ दशांश नाणी परत यावयाची. आता येथे थोडा हिशेब करून पाहावा. जुलै २०१६ ते मे २०२० या काळात साऱ्या जगात मिळून दर दहा मिनिटांना साडेबारा नवी नाणी निघत असत. दिवसाला सुमारे अठराशे. त्या अठराशेंसाठी पृथ्वीवरील सर्व देशांतील यंत्रे एकमेकांशी स्पर्धा करीत होती, आणि त्या स्पर्धेत कोणाला किती मिळेल हे आधी सांगणे कोणालाही शक्य नव्हते. मग दरमहा ठरावीक दहा टक्के कोठून यावयाचे? आणि ज्याच्या विहिरीला असे अखंड पाणी आहे तो दारोदार घागरी मागत कशाला फिरेल? हा प्रश्न घरातल्या एखाद्या आजीने सहज विचारला असता. परंतु ज्या घरात हे व्यवहार ठरले तेथे आजीला बहुधा कोणी विचारले नाही. तिला इंग्रजी येत नव्हते, आणि हे सारे नव्या युगाचे होते.

काही महिने परतावा आला. नवे लोक येत होते तोवर जुन्यांना देता येत होते. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे, योजनेनेच काढलेले, बाजारात फारशी किंमत नसलेले चलन लोकांच्या हाती ठेवण्यात आले. पुण्यात तक्रारी दाखल झाल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. त्याला पुढे जामीन मिळाला, आणि खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. सक्तवसुली संचालनालयाने ठेवलेल्या आरोपाप्रमाणे या योजनेत ६,६०० कोटी रुपयांच्या मोलाची बिटकॉइन गोळा केली गेली. देशभरातील गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले, आणि त्या विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्या ठिकाणांत दिल्ली व पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूर ही नावे आहेत. नांदेड आणि कोल्हापूर! संगणकाच्या खातेवहीतील अदृश्य नाणे तेथवर कसे पोचले असेल?

ते यंत्राच्या बळावर पोचले नाही. ते माणसांच्या शब्दावर पोचले. योजना साखळीची होती; एकाने दुसऱ्यास आणावे आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा, अशी तिची रचना होती. भावाने भावाला सांगितले, शिक्षकाने शिक्षकाला सांगितले, सोसायटीच्या अध्यक्षाने शेजाऱ्याला सांगितले. ऐकणाऱ्याने बिटकॉइनवर विश्वास ठेवला नव्हता. त्याला ते कळतही नव्हते. त्याने विश्वास ठेवला तो सांगणाऱ्यावर. म्हणून या साऱ्या प्रकरणात जे खरे चलन फिरले ते माणसामाणसांतील पत होय, आणि आज अनेक घरांत तेच खोटे पडले आहे. द्रव्य गेले ते कदाचित दहा वर्षांच्या कष्टाने परत मिळेल. दिवाळीला एकमेकांच्या घरी न जाणारे भाऊ परत एकत्र येतील की नाही, हे कोणी सांगावे?

या प्रकरणाचे एक टोक दिल्लीत आहे व दुसरे पुण्यात. या दोन नगरांना जोडणारे एक पूज्य नाव आहे. नव्या दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारा जो रस्ता पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई तो आता कस्तुरबा गांधी मार्ग आहे. दोन्ही बाजूंस कचेऱ्यांच्या उंच इमारती, वृत्तपत्राचे कार्यालय, परदेशांची सांस्कृतिक केंद्रे. आणि त्याच मार्गावर २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन. महाराष्ट्रातून कामकाजासाठी राजधानीस आलेल्या कित्येकांची पावले म्हणून याच मार्गाकडे वळतात. ज्या साध्वीचे नाव त्या मार्गाला आहे तिचा देह २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासात पडला. द्रव्याच्या प्रश्नाचा विचार करताना हे नाव केवळ योगायोगाने आठवत नाही. कस्तुरबांनी आपल्या पतीशी द्रव्याविषयी एक मोठा वाद केला होता, आणि तो वाद प्रत्येक गृहस्थाने समजून घेण्याजोगा आहे.

ती गोष्ट १९०१ सालची. गांधीजी दक्षिण आफ्रिका सोडून स्वदेशी निघाले, तेव्हा नाताळ प्रांतातील हिंदी लोकांनी त्यांना निरोपाच्या भेटी दिल्या. त्यांत सोन्याचे, हिऱ्याचे जिन्नस होते, आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा एक सोन्याचा हार होता. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. लोकसेवेचा मोबदला घ्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरवले आणि सर्व भेटींचा समाजासाठी विश्वस्तनिधी करण्याचा लेख सिद्ध केला. मुले तयार झाली. कस्तुरबा तयार होईनात. तुम्हाला नको असेल, मुलांनाही तुम्ही पटवाल. परंतु उद्या घरात सुना येतील त्यांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. हार तर त्यांनाच दिलेला होता. आणि गांधीजींनी सेवेचा मुद्दा काढला तेव्हा त्यांनी विचारले, की दिवसरात्र घरात राबले ती सेवा नव्हे काय? अखेर भेटी विश्वस्तांच्या हाती गेल्या. हा प्रसंग गांधीजींनीच आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदवला आहे.

हा प्रसंग सांगताना पुष्कळदा कस्तुरबांना मोहात पडलेली स्त्री म्हणून रंगवतात. मला ते मान्य नाही. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता, चिंता होती. आणि लोभ व चिंता यांत मोठे अंतर आहे. लोभी मनुष्याला किती हवे हे ठाऊक नसते. चिंता करणाऱ्याला ते नेमके ठाऊक असते: मुलीचे लग्न, मुलाची फी, म्हातारपणी औषधाचा खर्च. साध्या गृहस्थाश्रमाचा भार वाहणाऱ्या मनुष्याने उद्याचा विचार केला तर त्याला दोष देण्याचा अधिकार संन्याशालाही नाही. गेनबिटकॉइनसारख्या योजनांत जे बुडाले त्यांतील कित्येक जण लोभी नव्हते. बँकेच्या व्याजात भागत नाही, निवृत्तिवेतन पुरत नाही, या काळजीने ते गेले. फसवणाऱ्याची विद्या हीच असते की चिंतेच्या दाराने आत शिरावे आणि आत शिरल्यावर हळूहळू तिचा लोभ करावा. पहिला परतावा आला तेव्हा मनुष्याची चिंता संपली होती. तेव्हाच तो थांबला असता तर वेगळे. तो थांबला नाही, कारण आता त्याच्या मनात दुसरेच काही जागे झाले होते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना आज काय मिळवले आणि उद्या काय मिळवीन याचीच गणना करीत बसणाऱ्या मनुष्याचे चित्र काढले आहे. त्या चित्रातील मनुष्य राक्षसासारखा दिसेल अशी आपली समजूत असते. तो हातातील भ्रमणध्वनीवर दर घटकेला भाव पाहणाऱ्या आपल्याच आप्तासारखा दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत ‘निक्षेप’ म्हणजे ठेव हे एक पद आहे आणि ‘द्यूत’ हे दुसरे. दोन्ही द्रव्यासंबंधीच, तरी त्यांनी ती एकत्र केली नाहीत, आणि त्यांत शहाणपण आहे. ठेव म्हणजे दुसऱ्याने आपल्यावर विश्वासून ठेवलेली वस्तू. ती जशीच्या तशी परत करणे हा तिचा धर्म. डाव म्हणजे जाईल किंवा येईल या जाणिवेने पुढे केलेले द्रव्य. त्याचा धर्मच अनिश्चित. स्वतःच्या, केवळ स्वतःच्या, द्रव्याचा मनुष्याने डाव मांडला तर शास्त्र त्याला मूर्ख म्हणेल, व्यसनी म्हणेल. परंतु ठेवीचा डाव मांडणारा मनुष्य मूर्ख नव्हे. तो अपराधी आहे. बिटकॉइन चांगले की वाईट, त्याचे तंत्र उपयोगी की निरुपयोगी, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत आणि राहतील. हाती असलेले द्रव्य ठेवीचे की डावाचे, हे ठरविण्यास मात्र कोणत्याही तंत्रज्ञानाची गरज नाही.

आणि येथेच गृहस्थाची गोम आहे. त्याला वाटते, पगार माझा, भविष्यनिर्वाह निधी माझा, म्हणून त्याचे काय करावे हेही माझे. द्यूतसभेत द्रौपदीने हाच प्रश्न विचारला होता. धर्मराज आधी स्वतःला हरले होते की आधी मला, एवढेच तिने सभेस विचारले, आणि भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून उत्तर देता आले नाही. उत्तर दिले ते कौरवांतीलच एका तरुणाने, विकर्णाने. त्याच्या युक्तिवादातील एक मुद्दा सहसा कोणी लक्षात घेत नाही: द्रौपदी पाचही पांडवांची होती, मग एकट्या युधिष्ठिराला तिला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? जे सामाईक आहे ते एकाला पणास लावता येत नाही, ही ती गोष्ट. घरातील शिल्लक ही अशीच सामाईक वस्तू असते. तिच्यात पत्नीने न घेतलेली पातळे असतात, मुलाने न मागितलेली सायकल असते, आईने दडवलेले दुखणे असते. कमावणारा एक असला तरी साठवणारे चार असतात. ती शिल्लक मनुष्याच्या हाती ठेव म्हणून असते, आणि ज्या दिवशी तो घरात न सांगता ती दरमहा दहा टक्क्यांच्या वचनावर लावतो त्या दिवशी, पैसे बुडोत वा न बुडोत, अपराध घडून गेलेला असतो. पैसे वाढून परत आले म्हणजे अपराध पुसला जातो असे मानणे ही आजची सर्वांत मोठी भूल आहे.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शेतकरी पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकतो, तो डाव नव्हे काय? तोही घरातील सर्वांच्या तोंडचा घास काढूनच पेरतो. व्यापारी माल भरतो, भाव कोसळतात. सारा संसारच अनिश्चित, मग एकट्या आभासी चलनाला का नावे ठेवावी? आक्षेपात तथ्य आहे. धोका नसलेला उद्योग जगात नाही. परंतु शेतकऱ्याच्या धोक्यात आणि या धोक्यात दोन भेद आहेत. शेतकरी जिंकला तर कोणी हरत नाही. दाणे वाढतात, त्यांतून दहा तोंडे भरतात. भाव चढेल या एकाच आशेने घेतलेल्या नाण्यात मात्र माझा नफा म्हणजे माझ्यामागून महाग घेणाऱ्याची झीज, आणि मी सुटलो याचा अर्थ तो अडकला. साखळीच्या योजनेत तर हे उघडच असते. दुसरा भेद असा की शेतकऱ्याला आपला धोका ठाऊक असतो. मृगाचे आकाश तो रोज पाहतो, बियाणे हातात घेऊन पाहतो. जो धोका आपल्याला पाहताच येत नाही तो पत्करण्यात धैर्य नसते. आपल्या सरकारनेही आभासी चलनाची गणना कोठे केली आहे हे पाहण्यासारखे आहे: १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, म्हणजे सोडतीच्या बक्षिसावर असतो तेवढाच, आणि त्यातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने तर २४ डिसेंबर २०१३ रोजीच लोकांना पहिला इशारा दिला होता. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते; येथे तसे काही नाही.

गृहस्थाला जे लागू तेच उद्योगाच्या धुरीणांना, आणि त्यांना ते अधिक कठोरपणे लागू. कारण त्यांच्या हाती एका घरची ठेव नसते. एफ.टी.एक्स. या परदेशी बाजाराचा विनाश नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. त्याचा तरुण संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड हा बुद्धिमान म्हणून गाजला होता, दानशूर म्हणूनही. लोकांनी सुरक्षित ठेवण्यासाठी दिलेले द्रव्य त्याने आपल्याच दुसऱ्या पेढीच्या सट्ट्यांत वापरू दिले, असे न्यायालयात सिद्ध झाले, आणि मार्च २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. तेथेही नाणे हे मूळ पाप नव्हते. ठेवीची आणि डावाची वही एक झाली, एवढेच झाले होते. आणि ते तर सावकारी पेढ्यांत शेकडो वर्षांपासून होत आले आहे. टेस्ला या मोटारी बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये दीड अब्ज डॉलरची बिटकॉइन घेतल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश विकून टाकल्याचे सांगितले. तो तिच्या भागधारकांचा प्रश्न. तिच्याकडे चुकण्याइतके द्रव्य होते. परंतु ती बातमी वाचून आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कारखानदाराला स्फुरण चढते, आणि त्याच्या गल्ल्यात कामगारांचा दिवाळीचा बोनस असतो.

आणि चोराची भीतीही सांगितली पाहिजे. मुंबईत जन्मलेल्या वझीरएक्स या बाजारातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची आभासी नाणी चोरीस गेली, आणि तेथील नाण्यांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ बंद पडले. ज्यांनी कोणाला फसवले नव्हते, लोभही केला नव्हता, त्यांचेही त्यात अडकले.

कस्तुरबा गांधी मार्गाला लागूनच हेली रोड आहे आणि त्याच्या एका गल्लीत अग्रसेनांची बावडी. साठ मीटर लांबीची, शंभराहून अधिक पायऱ्यांची ही दगडी विहीर आजच्या रूपात मध्ययुगातली आहे, असे जाणकार मानतात. परंपरा मात्र ती महाराज अग्रसेनांची म्हणून सांगते. त्याच अग्रसेनांविषयी व्यापारी समाजात एक लोककथा आहे. त्यांच्या अग्रोहा नगरीत नवा मनुष्य वस्तीस आला की प्रत्येक घराने त्याला एक नाणे व एक वीट द्यावी, असा दंडक होता. विटांतून त्याचे घर होई आणि नाण्यांतून भांडवल. कथा खरी की कल्पित, हे येथे महत्त्वाचे नाही. तिच्यात भांडवलाचे जे मूळ सांगितले आहे ते खरे आहे: परक्यावर ठेवलेला विश्वास. गेनबिटकॉइनच्या साखळीतही प्रत्येक घराने एकेक नाणेच दिले. शेजारी तेच, आप्त तेच, विश्वासही तोच. फक्त नाणे ज्याच्या घरी पोचावयाचे तो तेथे वस्तीस आलेला नव्हता.

कस्तुरबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मारकासाठी देशाने निधी जमवला. तो एक कोटी रुपयांवर गेला. १९४४-४५ साली, युद्धाच्या महागाईत, ज्यांच्या घरी उद्याची चिंता होती अशा लोकांनी तो दिला, आणि खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या सेवेसाठी तो विश्वस्तांच्या हाती सोपवला. देणाऱ्याला परतावा कोणी सांगितला नव्हता. सुनांसाठी हार जपू पाहणाऱ्या बाईच्या नावाने असा निधी उभा राहावा, यात मला विसंगती दिसत नाही. द्रव्य ही ठेव आहे हे तिला पतीहून कमी कळत होते असे मला वाटत नाही. ती कोणाची ठेव, एवढाच त्यांचा वाद होता.

तर मग जो स्वतः फसला आणि इतरांना घेऊन फसला त्याचे काय? त्याला वंचक म्हणता येत नाही. हेतूचा भेद हा खरा भेद आहे, आणि दुःखाने वेडे झालेल्या आप्तांनीही तो विसरू नये. परंतु तो निर्दोष आहे असेही म्हणवत नाही. त्याच्या हाती दोन ठेवी होत्या. एक घरची शिल्लक. दुसरी म्हणजे त्याच्या शब्दावर लोकांचा असलेला विश्वास, जो वीस वर्षांच्या सचोटीने जमलेला होता आणि त्याच्याजवळ लोकांनीच ठेवलेला होता. जे आपल्याला कळत नाही त्याची ग्वाही देऊन त्याने ही दुसरी ठेव डावावर लावली. मी फसलो हे उत्तर पहिल्या ठेवीपुरते आहे. दुसरीपुरते नाही, कारण मला कळत नाही हे तरी त्याला कळत होते.

त्याने आता करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत, फक्त अवघड आहेत. ज्यांना ज्यांना त्याने आणले त्यांच्या घरी जाऊन, ते विचारावयाच्या आधी, व्यवहार कसा झाला, कोणी सांगितले, कोठे द्रव्य गेले, हे सारे उघड सांगावे. तपासयंत्रणेपुढे साक्ष द्यावी. कित्येक जण स्वतःचे नाव साखळीत दिसेल या लाजेने तक्रारच देत नाहीत आणि त्यामुळे वरचे सुटतात. आणि इतरांना आणल्याबद्दल जो मोबदला त्याला मिळाला होता तो, स्वतःचे मुद्दल बुडाले असले तरी, आपल्या तोट्यात वळता करू नये. समजा, दहा जणांना आणल्याबद्दल त्याला चाळीस हजार रुपये पडले होते. ते चाळीस हजार त्या दहांचे आहेत. ज्याने जितके घातले त्या प्रमाणात ते परत जावेत, एकदम न जमल्यास महिन्याच्या पगारातून, आणि त्याचा हिशेब एका वहीत लिहून ती वही घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी.